थंडी आधी गोठ्यात पोचली

1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याची वाटणी झाली. आसपासची संस्थानं विलीन झाली आणि उत्तर सातारा, दक्षिण सातारा असे दोन जिल्हे कागदावर आले. त्यातला दक्षिण सातारा 1960 पासून सांगली या नावानं ओळखला जाऊ लागला. वाटणीच्या त्याच वर्षी, ऑक्टोबरात, लंडनच्या 'नेचर' साप्ताहिकात एक छोटं टिपण छापून आलं. विषय होता कोंबड्याचं वीर्य गोठवून पुन्हा जिवंत करण्याचा. तेव्हाच्या सातारकरांनी ते वाचलं असण्याचा प्रश्नच नाही, आणि वाचलं असतं तरी हसून सोडून दिलं असतं. पण आज या दोन्ही जिल्ह्यांत मोटारसायकलला नायट्रोजनचा कंटेनर बांधून गाय भरवायला निघालेला डॉक्टर दिसतो, तो त्या टिपणाचा वारसदार आहे. आणि गोचीड तापानं पांढऱ्या पडलेल्या कुत्र्यासाठी रक्ताची पिशवी शोधत फिरणारा मालक दिसतो, त्याची गोष्टही तिथूनच जाते. ती मात्र बरीच आधी सुरू झाली आहे.

फेब्रुवारी 1665. मिर्झाराजा जयसिंग मोठी फौज घेऊन पुण्याच्या वाटेवर होता. त्याच महिन्यात इंग्लंडात ऑक्सफर्डला रिचर्ड लोअर नावाच्या वैद्यानं एका मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या मानेची शीर उघडून त्याला जवळजवळ निष्प्राण होईपर्यंत रक्त वाहू दिलं. मग शेजारी बांधलेल्या एका दांडग्या मॅस्टिफ कुत्र्याच्या धमनीतून पिसाच्या पोकळ नळ्यांनी रक्त आणून त्याच्या शिरेत सोडलं. एक दाता संपला तेव्हा दुसरा जोडला. शेवटी टाके घालून सोडल्यावर ते कुत्रं उठलं, मालकाशी लाडीगोडी केली आणि गवतात लोळून अंग पुसलं. लोअरनं हे सगळं मोठ्या समाधानानं लिहून ठेवलं आहे. रक्त देणारी दोन्ही कुत्री मेली, त्याबद्दल त्याला फारसं काही वाटल्याचं दिसत नाही.

पुढच्या वर्षी लंडनच्या ग्रेशम कॉलेजात हाच खेळ पुन्हा झाला. सॅम्युएल पेपिस या प्रसिद्ध रोजनिशीकारानं 14 नोव्हेंबर 1666 च्या नोंदीत त्याची हकिगत लिहिली आहे. एका पंथाच्या माणसाचं रक्त दुसऱ्या पंथाच्या धर्मगुरूला चढवलं तर काय होईल, यावर मित्रमंडळींत रंगलेली थट्टाही त्यानं टिपली. विज्ञान सुरू होताना थट्टा आधी सुरू होते, हे तेव्हाही खरं होतं. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते हेच वर्ष.

थट्टा फार काळ टिकली नाही. पॅरिसमध्ये जाँ-बाप्तिस्त दनीनं 1667 मध्ये कोकराचं आणि वासराचं रक्त माणसांना देऊन पाहिलं. त्यातला एक वेडसर रोगी अखेर दगावला, कोर्टकचेरी झाली आणि रक्त चढवण्यावर इतकी बंधनं आली की सुमारे दीडशे वर्षं कुणी त्या वाटेला गेलं नाही. वाट पुन्हा उघडली तीही कुत्र्यांनीच. 1818 च्या सुमारास लंडनच्या जेम्स ब्लंडेलनं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की कुत्र्याला कुत्र्याचं रक्त दिलं तर तो वाचतो आणि दुसऱ्या जातीच्या प्राण्याचं दिलं तर मरतो. मग त्यानं बाळंतपणात रक्त गेलेल्या बायकांना माणसाचंच रक्त द्यायला सुरुवात केली. आज माणसाला रक्त चढवताना आपण जे गृहीत धरतो, त्यातलं पहिलं कलम कुत्र्यांच्या जिवावर लिहिलं गेलं आहे.

पण रक्ताची खरी अडचण ते गोठण्याची होती. नळीत शिरलं की काही मिनिटांत गाठी. दाता आणि रोगी शेजारी शेजारी झोपवल्याशिवाय काम होईना. तोड निघाली 1914 मध्ये: बेल्जियमचा आल्बेर हुस्टिन आणि अर्जेंटिनाचा लुई आगोते यांनी एकमेकांना न विचारता रक्तात सोडियम सायट्रेट मिसळून पाहिलं. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय गाठ धरत नाही. किती टाकायचं हा प्रश्न होता, कारण जास्त झालं तर रोग्याचंच हृदय बंद पडेल. न्यूयॉर्कच्या रिचर्ड लुईसननं 1915 मध्ये ते प्रमाण ठरवलं, शेकडा 0.2. ठरवलं कशावर? पुन्हा कुत्र्यांवर. पुढच्याच वर्षी राउस आणि टर्नर यांनी सायट्रेटमध्ये साखर घातली, तर रक्तपेशी कित्येक दिवस तगल्या. 1917 मध्ये ऑस्वल्ड रॉबर्टसन हा लष्करी डॉक्टर फ्रान्सच्या आघाडीवर बाटल्यांत रक्त भरून, बर्फ आणि लाकडाच्या भुशात ठेवून, दारूगोळ्याच्या पेट्यांतून नेऊ लागला. रक्ताचा साठा म्हणतात तो इथून. 1937 मध्ये शिकागोच्या बर्नार्ड फँटसनं त्याला 'ब्लड बँक' हे नाव दिलं.

सायट्रेटचा पुढचा प्रवास रक्ताच्या इतिहासात सहसा कुणी सांगत नाही, कारण तो माणसांच्या दवाखान्यातून बाहेर पडून थेट गोठ्यात गेला. गाईंच्या कृत्रिम रेतनाची सुरुवात आपल्या देशात 1939 मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत संपत कुमारन यांनी केली. तेव्हा वळूचं वीर्य ताजं असतानाच वापरावं लागे. ते टिकवायला 1941 मध्ये अमेरिकेत सॉल्सबरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अंड्याच्या पिवळ्या बलकात सोडियम सायट्रेट मिसळून द्रावण केलं आणि ते जगभर रूढ झालं. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात नळी, नळीत वीर्य, आणि दोन-तीन दिवसांची मुदत. रक्तानं वीर्याला दिलेली ही उसनवारी. आठ वर्षांनी वीर्यानं ती व्याजासकट फेडली.

ते व्याज म्हणजे ग्लिसरीन, आणि ते सापडलं एका चुकीच्या चिठ्ठीमुळे. लंडनच्या मिल हिल भागातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि त्यांचा वरिष्ठ ॲलन पार्क्स कोंबड्याचं वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवू पाहत होते. काही जमेना. द्रावणाच्या बाटल्या शीतगृहात ठेवून दिल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा काढल्या, तर त्याच 'साखरे'त गोठवलेले शुक्रजंतू वितळल्यावर वळवळू लागले. नवी साखर आणून पाहिली, तर पुन्हा अपयश. जुनी बाटली तपासायला दिली तेव्हा कळलं की तिच्यात साखर नव्हतीच. काचपट्टीवर नमुने चिकटवायला वापरतात ते ग्लिसरीन आणि अंड्याच्या पांढऱ्याचं मिश्रण होतं. कुणीतरी चिठ्ठ्या अदलाबदल केल्या होत्या. ऑक्टोबर 1949 चं टिपण ते हेच.

ऑड्री स्मिथ हुशार बाई. वीर्याला जे चालतं ते रक्ताला का नाही, असा विचार करून तिनं लगेच तांबड्या पेशी ग्लिसरीनमध्ये गोठवून पाहिल्या आणि 1950 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं की वितळल्यावर त्या फुटत नाहीत. 1951 मध्ये मॉलिसन आणि स्लॉव्हिटर यांनी गोठवलेलं रक्त वितळवून, ग्लिसरीन धुऊन, माणसाला चढवलं आणि पेशी अंगात टिकल्या.

त्याच संस्थेतल्या जेम्स लव्हलॉकनं 1953 मध्ये या सगळ्याचं कारण उलगडलं. हाच लव्हलॉक पुढे पृथ्वी म्हणजे एक जिवंत देह आहे या 'गाया' कल्पनेमुळे जगप्रसिद्ध झाला, पण माझ्या मते त्याचं हे आधीचं काम अधिक टिकाऊ आहे. पेशी बर्फाच्या टोकदार सुयांनी फाटतात, असा तोवर समज होता. लव्हलॉकनं दाखवलं की मारतं ते मीठ. पाणी गोठताना फक्त पाण्याचा बर्फ होतो आणि विरघळलेलं मीठ उरलेल्या पाण्यात मागं राहतं. मिठागरात पाणी आटत गेलं की उरलेलं जसं जहाल खारट होत जातं, तसंच इथं होतं. त्या खारात पेशीचं आवरण टिकत नाही. ग्लिसरीन पेशीत शिरून पाण्याची जागा अडवतं, त्यामुळे बर्फ कमी होतो आणि मीठ तितकं चढत नाही.

गोठवलेलं रक्त हा म्हणता म्हणता मोठा उद्योग होईल, असं तेव्हा वाटलं असणार. तसं झालं नाही. अमेरिकेच्या नौदलानं व्हिएतनामच्या लढाईत गोठवलेलं रक्त वापरलं, पण रोजच्या दवाखान्यात ते रुळलं नाही, कारण ग्लिसरीन आत घालणं सोपं आणि बाहेर काढणं कठीण. ते हळूहळू धुवावं लागतं. घाई केली तर पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. धुतल्यावर पुन्हा चोवीस तासांत वापरून टाकावं लागतं. एवढ्या खटाटोपापेक्षा चार अंश सेल्सिअसच्या साध्या फ्रीजमध्ये महिनाभर टिकणारी पिशवी बरी. आज गोठवलेल्या तांबड्या पेशी जपल्या जातात त्या मुख्यतः दुर्मीळ गटांसाठी. त्यातला सर्वात प्रसिद्ध गट आपल्याच माणसांनी शोधला: 1952 मध्ये डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये वर्णन केलेला बॉम्बे ब्लड ग्रुप. या माणसांना ओ गटाचंही रक्त चालत नाही, फक्त स्वतःसारख्याचंच चालतं.

वीर्याचं मात्र उलट झालं. तिथं धुवायची भानगड नाही, थेंबभर पुरतं, आणि एक वळू हजारो गाईंना पुरतो. आधी कोरड्या बर्फात उणे 79 अंशांवर, मग द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर. फ्रेंच संशोधक रॉबेर कासूनं ते बारीक नळ्यांत भरायची युक्ती काढली, आणि त्या पाव मिलिलिटरच्या रंगीत स्ट्रॉ आज आपल्या प्रत्येक दूधवाल्या गावात ओळखीच्या आहेत. पुण्याजवळ उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये 'बाएफ' ही संस्था उभी केली, आणि सत्तरच्या दशकात गोठवलेल्या वीर्यापासून संकरित कालवडी तयार करण्याचं काम तिथून शेतकऱ्यांच्या दारापर्यंत गेलं. 'डॉक्टर, गाय माजावर आलीय' असा निरोप गेला की रेतन करणारा माणूस घरी येतो, ही पद्धत पश्चिम महाराष्ट्राला लागली ती तेव्हापासून.

सातारा जिल्ह्यात फलटणला 'नारी' म्हणजे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. 1968 मध्ये बनबिहारी निंबकरांनी सुरू केलेली. शेळ्या-मेंढ्यांवर तिथं फार बारकाईनं काम झालं. बोअर ही दक्षिण आफ्रिकेची मांसाळ शेळी तिथं 1993 च्या सुमारास आली, पण तिच्या पायांनी नाही. ऑस्ट्रेलियाहून आले ते तिचे गोठवलेले गर्भ, आणि ते इथल्या शेळ्यांच्या पोटात वाढवले गेले. माणदेशाच्या उंबऱ्यावर, दुष्काळी उन्हात, परदेशी करडं थंडीतून जन्माला आली, असं म्हटलं तर ते अगदी शब्दशः खरं आहे.

सांगलीकडे भिलवडीला भास्कर गणेश चितळे यांनी 1939 मध्ये दुधाचा धंदा सुरू केला. बाकरवडी पुण्याची खरी, पण मूळ भिलवडीचं दूध. पुढच्या पिढ्यांनी पैदाशीत लक्ष घातलं, आणि गेल्या दशकात एबीएस या परदेशी पैदास कंपनीबरोबर तिथं लिंग निवडलेलं वीर्य तयार होऊ लागलं, म्हणजे जन्माला येईल ती बहुधा रेडी किंवा कालवडच, रेडा किंवा गोऱ्हा क्वचित. ज्या भागात खिलार आणि पंढरपुरी म्हैस हेच वैभव होतं, तिथं थंडीचं हे शास्त्र एका माणसाच्या आयुष्यात इतकं खोल रुजलं.

यात एक गंमत आहे आणि ती माझ्या दृष्टीनं या साऱ्या कथेची किल्ली आहे. उणे 196 अंश ऐकायला भीतिदायक वाटतं, पण नायट्रोजनच्या कंटेनरला वीज लागत नाही. टाकी चांगली असेल आणि वेळेवर भरली तर भारनियमनात, पावसात, वस्तीवर, कुठंही ती चालते. रक्तातला प्लाझ्मा जपायला लागणारे उणे 18 अंश मात्र चोवीस तास लाईट मागतात. म्हणून सर्वात कडक थंडी खेड्यात आधी गेली आणि मवाळ थंडी शहरात अडकून राहिली. त्यात दूध हा रोजचा पैसा. पंधरवड्याला बिल येतं, म्हणून गोठ्याच्या दारात नायट्रोजनही येतो. कुत्रा बिल देत नाही.

या भागात कुत्रा नेहमीच होता. माण, खटाव, आटपाडी, जत इकडच्या धनगरवाड्यांवर मेंढरं राखायला कुत्रं लागतंच. जत, मिरज, सोलापूर आणि पलीकडे मुधोळ या पट्ट्यात कारवानी कुत्र्याचा नाद पिढीजात आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच घराण्याची कुत्री इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली होती. पण कुत्रं आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायचं, सलाईन लावायचं, तपासण्या करायच्या, ही अलीकडची गोष्ट. गुरांचा दवाखाना हे नावच सांगतं की तो कुणासाठी बांधला.

1988 मध्ये सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आज त्याला क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. त्यांचं प्रतिसरकार चाललं ते जुन्या एकत्र साताऱ्यात, आणि त्यांचं गाव आता सांगली जिल्ह्यात, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांनी एका नावावर हक्क सांगावा असं हे एक कॉलेज. पुणे-सातारा रस्त्यावर नीरेकाठी आहे. त्याआधी या बाजूच्या बहुतेक मुलांना पशुवैद्य व्हायचं म्हटलं की मुंबईत परळ गाठावं लागे, जिथं 1886 पासून कॉलेज चालू आहे. शिरवळ आता नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येतं, आणि या पट्ट्यातल्या बऱ्याच डॉक्टरांचा हात तिथंच बसलेला असतो.

या डॉक्टरांसमोर रक्त लागणारं कुत्रं येतं ते साधारण तीन-चार वाटांनी. पहिली गोचीड. कुत्र्याच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया असे रोग येतात. त्यातला बबेसिया गिब्सनी हा जंतू पहिल्यांदा ओळखला गेला तो आपल्याच देशात: 1910 मध्ये मद्रासला डब्ल्यू. एस. पॅटन यांनी शिकारी कुत्र्यांच्या रक्तात. तो तांबड्या पेशीत शिरून ती फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रं उभं राहीना होतं. दुसरी वाट पार्वोची. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगात उपटला आणि दोनेक वर्षांत सगळीकडे पोचला. पिल्लाला रक्ताची हगवण लागते आणि पाणी, प्रथिनं, रक्त सगळंच वाहून जातं. तिसरी वाट उसाच्या भागातली. फडातल्या उंदरांना घातलेलं ब्रोमाडायोलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला की त्याचं रक्त गोठायचं थांबतं आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. चौथी घोणस. तिचं विष रक्त गोठवणारे घटकच खाऊन टाकतं. तिथं पहिलं औषध सर्पविषावरचं प्रतिविष हेच, रक्त त्यानंतर. उरलेल्या वाटा म्हणजे मोटार आणि ऑपरेशन.

मग रक्त कुठून? उत्तर अजूनही बरंचसं लोअरच्या काळातलंच आहे: दुसरं कुत्रं आणा. फरक इतकाच की आता देणारं कुत्रं मरत नाही. निरोगी कुत्र्याच्या अंगात किलोमागं साधारण 80 ते 90 मिलिलिटर रक्त असतं. पंचवीस किलोच्या कुत्र्याकडून 350 मिलिलिटर घेतलं तर त्याला बाधत नाही. आणि नेमकी 350 ची पिशवी माणसांच्या रक्तपेढीसाठी बाजारात मिळतेच. तिच्यात 49 मिलिलिटर सीपीडीए द्रावण आधीच भरलेलं असतं: सायट्रेट, साखर, फॉस्फेट आणि ॲडेनिन. 1914 च्या सायट्रेटची ही पुढची आवृत्ती. कुत्र्याला कुशीवर झोपवतात, मानेवरचे केस काढतात, मोठ्या शिरेत सुई घालतात. गरीब कुत्रं असेल तर भूलही लागत नाही. मालकानं डोकं कुरवाळत बसायचं, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं.

हिशेब सोपा आहे. किलोमागं दोन मिलिलिटर रक्त दिलं की पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा शेकडा हिस्सा, एकानं वाढतो. वीस किलोच्या कुत्र्याचा पीसीव्ही दहावर आला असेल आणि वीसवर न्यायचा असेल, तर 400 मिलिलिटर. म्हणजे एका पिशवीपेक्षा थोडं जास्तच.

रक्तगटाच्या बाबतीत कुत्र्यावर निसर्गाची मेहेरनजर आहे. माणसात लँडस्टायनरनं 1901 मध्ये गट शोधले आणि चुकीचं रक्त पहिल्याच वेळी जीव घेतं हे कळलं. कुत्र्यांचे गट 1910 मध्ये जर्मनीत फॉन डुंगेर्न आणि हिर्शफेल्ड यांनी चाचपायला सुरुवात केली, आणि अमेरिकेत स्विशर आणि यंग यांनी पन्नाशीच्या दशकात नीट लावले. त्यातला महत्त्वाचा डीईए 1. कुत्र्याच्या अंगात दुसऱ्याच्या डीईए 1 विरुद्ध तयार प्रतिपिंडं नसतात, म्हणून पहिल्यांदा रक्त देताना गट न पाहिला तरी बहुधा निभावतं. तालुक्याच्या डॉक्टरला रात्री अकरा वाजता हे फार मोठं वरदान आहे. पण हे वरदान एकदाच. गट जुळला नसेल तर काही दिवसांत शरीर प्रतिपिंडं बनवतं, आणि दुसऱ्या वेळी दोघांचं रक्त काचेवर किंवा नळीत जुळवून न पाहता चढवणं म्हणजे जुगार. 2007 मध्ये पेनसिल्व्हेनियात तर एका डाल्मेशियनला आधी रक्त दिलेलं असल्यामुळे कुठल्याच कुत्र्याचं रक्त जुळेना. शोधता शोधता 'डाल' नावाचा नवा गट सापडला, जो जवळजवळ सगळ्या कुत्र्यांत असतो आणि काही डाल्मेशियनांत नसतो. भेंड्यांचा बॉम्बे ग्रुप कुत्र्यांच्या जगात अवतरला म्हणा ना.

आता गोठवण्याकडे येऊ, कारण इथं समज-गैरसमज फार. 'रक्त फ्रीजरमध्ये ठेवा' असं म्हणणारा माणूस पिशवी वाया घालवतो. पूर्ण रक्त किंवा तांबड्या पेशी फ्रीजमध्ये, एक ते सहा अंशांवर, साधारण महिनाभर. बर्फाच्या कप्प्यात गेल्या की लव्हलॉकचं मीठ त्यांना मारतं. कुत्र्याच्या पेशींत एक वेगळेपण आहे: माणसाच्या पेशीत पोटॅशियम भरलेलं असतं आणि साठवणीत ते बाहेर झिरपतं, म्हणून जुनं रक्त हृदयाला घातक ठरू शकतं. बहुतेक कुत्र्यांच्या पेशीत पोटॅशियम कमी आणि सोडियम जास्त, म्हणून त्या बाबतीत तरी जुन्या पिशवीची भीती कमी.

खरोखर गोठवतात तो प्लाझ्मा, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी. रक्त घेतल्यापासून आठ तासांच्या आत वेगळा करून उणे 18 अंशांखाली ठेवला तर त्यातले रक्त गोठवणारे घटक वर्षभर जिवंत राहतात. त्यानंतर आणखी चार वर्षं प्रथिनांसाठी तो कामाला येतो. उंदराच्या औषधानं रक्त वाहणाऱ्या कुत्र्याला जीवनसत्त्व के बरोबर हा प्लाझ्मा मिळाला तर रात्र निघते. त्यासाठी लागतं काय? पिशवी फिरवून थर वेगळे करणारं मोठं सेंट्रिफ्यूज, आणि असा फ्रीजर जो मध्ये मध्ये बर्फ झाडायला स्वतःला गरम करत नाही. घरचा फ्रीज त्यात बाद. आणि लाईट. वितळवायला 37 अंशांचं पाणी, तेही हलक्या हातानं, कारण गोठलेली पिशवी काचेसारखी तडकते. काचेच्या बाटलीच्या जागी ही प्लास्टिकची पिशवी आली 1950 च्या सुमारास, अमेरिकेच्या कार्ल वॉल्टरमुळे. तिच्याविना एका रक्ताचे दोन भाग करणं सोपं नव्हतं, आणि एका दात्याकडून दोन कुत्री वाचवणंही.

ज्या देशांत हे सगळं बसलं तिथं ते बसवायला लोकांना पुष्कळ वेळ लागला. ब्रिटनमध्ये पाळीव प्राण्यांची धर्मादाय रक्तपेढी 2007 मध्ये सुरू झाली, आणि त्याआधी त्यासाठी कायदा बदलावा लागला. तिथं आणि अमेरिकेत ग्रेहाउंड जातीची कुत्री दाते म्हणून फार चालतात, कारण त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी मुळातच जास्त असतात, मान लांब असते आणि शीर लगेच सापडते. त्याच बांध्याची, लांब मानेची कारवानी कुत्री आपल्या जत-मिरजेकडे घरोघर आहेत. आपल्याकडे चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यक महाविद्यालयानं प्राण्यांची रक्तपेढी उभी केली. 2025 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं प्राण्यांच्या रक्तपेढ्यांसाठी देशभरची मार्गदर्शक सूत्रं पुढे आणली: दाता मोबदल्याशिवाय, रोगमुक्त, लसीकरण झालेला, गट तपासलेला. कागद चांगला आहे. माझं म्हणणं इतकंच की हा कागद तालुक्याला पोचायला गाईच्या स्ट्रॉइतका वेळ लागू नये. दोन जिल्ह्यांत मिळून एक सेंट्रिफ्यूज, एक चांगला फ्रीजर आणि त्याला इन्व्हर्टर, एवढ्यानंही सुरुवात होते. दूध संघांनी मनावर घेतलं तर त्यांना हे जड नाही. थंडी सांभाळायची कशी हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

तोवर काम चालतं ते दात्यांच्या यादीवर. तुमच्या घरी एक ते आठ वर्षांचं, पंचवीस किलोच्या वरचं, लसी झालेलं, गोचीड नसलेलं आणि स्वभावानं शांत कुत्रं असेल, आणि त्याला स्वतःला कधी रक्त दिलेलं नसेल, तर आजच तुमच्या डॉक्टरांकडे त्याचं नाव, वजन आणि तुमचा फोन लिहून ठेवा. जमलं तर त्याचा डीईए 1 गटही तपासून घ्या. दोन वेळच्या रक्तदानात निदान दोन महिन्यांचं अंतर ठेवा, आणि महिन्याची गोचिडीची गोळी किंवा औषध चुकवू नका. गोचीड असलेलं कुत्रं दाता होत नाही, उलट पुढचा रोगी तेच असतं.